करडईच्या तेलावर चाललेली सायकल

“कुणी आणलं हे घरात? कुणी आणलं? आत्ताच्या आत्ता बाहेर टाका!”

अप्पा ओरडत होते. आमच्या अप्पांचा आवाज असा की दुकानात ते नुसते खाकरले तरी पलीकडच्या पेठेतली कबुतरं उडायची. त्या दिवशी ते अंगणात माझ्या सायकलीशेजारी उभे होते, आणि मेलेला उंदीर शेपटीनं धरावा तसं एक छोटं डबडं त्यांनी दोन बोटांत धरलं होतं. लांब चोचीचं. मशिनच्या तेलाचं.

“अवो, हाय तरी काय?” अव्वानं, म्हणजे आईनं, चुलीपुढूनच विचारलं. “साप हाय का?”

“साप असता तर परवडला असता! तेल हाय, तेल! बाहेरचं!”

वाचणाऱ्याला वाटेल, एवढ्याशा डबड्यासाठी एवढा तमाशा? तर आमचं दुकान करडईच्या तेलाचं होतं. पुढं दुकान, मागं घाणा, वर आम्ही. आजोबांच्या अंगाला तेलाचा वास, अप्पांच्या अंगाला तेलाचा वास, माझ्या शाळेच्या वह्यांना तेलाचे डाग. एका मास्तरांनी माझा निबंध उजेडाकडं धरून पाठीमागचं गणित वाचून दाखवलं होतं. अख्ख्या सोलापुरातली भजी आपल्या तेलावर तळली जातात अशी अप्पांची समजूत होती, आणि अशा घरात मुलानं सायकलीसाठी बाहेरचं तेल आणणं म्हणजे अप्पांच्या लेखी घरचा स्वयंपाक सोडून खानावळीत जेवण्यासारखं होतं.

“अप्पा, ते खायचं तेल, हे मशिनचं,” मी म्हणालो.

“घाण्याला काय घालतो आपण? घाणा मशिन न्हाय?”

“घाणा लाकडाचा आहे.”

“आणि तू कशाचा हायस? तुला लहानपणी कशानं चोळला? हेच्यानंच की! गंजलास?”

डबडं गेलं उकिरड्यावर.

पण मला चिडायला सवड नव्हती, कारण दसरा महिन्यावर आला होता. गावातल्या एका मिलनं दसऱ्याला सायकलींची शर्यत ठेवली होती. शहराच्या दक्षिणेच्या नाक्यापासून मंद्रूपच्या बाजारतळापर्यंत, आणि तीही डांबरी रस्त्यानं नव्हे. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून अर्धा केलेला आणि पाऊस पडल्यावर तसाच सोडून दिलेला एक रस्ता होता, त्यावरून. मिलला आपला सायकलस्वारांचा संघ करायचा होता, आणि पहिले तीन येतील त्यांना मिलच्या टाइम ऑफिसात कायमची जागा मिळणार होती. टाइम ऑफिस! टेबल, खुर्ची, डोक्यावर पंखा, आणि कुठंही तेलाचा थेंब नाही! मला तो पंखा स्वप्नात फिरताना दिसायचा.

अप्पांनी एकदाच काय ते सांगितलं होतं. “तिघांत आलास तर जा मिलात, मी आडवा येत न्हाय. न्हाय आलास तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आंघोळ करून गादीवर बसायचं. मग पुन्हा सायकल, शर्यत, काय न्हाय.”

गादीवर म्हणजे दुकानाच्या गादीवर. जन्मभर. नरसाळं हातात धरून.

आता करडईच्या तेलाविषयी सांगतो, कारण ते मला पुस्तकातून नाही, पोटऱ्यांतून कळलेलं आहे. कढईत ते अमृत आहे. ज्वारीच्या भाकरीवर चटणीत घ्या, जीव जाईल इतकं गोड. पण तेच तेल चेनवर आठ दिवस राहू द्या. आधी ते चिकट होतं, मग पिवळं, मग त्याचा लाखेसारखा थर बसतो, आणि त्यात आमच्याकडची मुरमाची धूळ मिसळली की जे तयार होतं त्यानं धरणं बांधता येतील. माझी चेन सायकलवरून काढली तरी गोल राहायची. एकदा ती भिंतीला टेकवून ठेवली, तर उभी राहिली. शिवाय मुंग्या. सकाळी सायकल बाहेर काढावी तर चाळीस हजार मुंग्या आधीच बसलेल्या, त्यांना उतरवता उतरवता मिलचा दुसरा भोंगा व्हायचा.

मी केरोसिननं चेन धुवायचो, आणि मी आंघोळीला गेलो की अप्पा येऊन तेल सोडायचे. त्यांचं एक तत्त्व होतं, “वाजतंय म्हंजे मागतंय.” दार कुरकुरलं, तेल. पाळणा वाजला, तेल. अव्वाच्या गुडघ्यातून कट्‌ आवाज आला तर ती काय झालं हे सांगायच्या आत अप्पा वाटी घेऊन हजर. बाकी जगात माणसं वाजणाऱ्या गोष्टी दुरुस्त करतात, आमच्याकडं त्यांना जेवू घालायचे.

शेवटी मी सायकल उस्तादांकडं नेली. उस्ताद म्हणजे आमच्या पेठेच्या तोंडाशी सायकलचं दुकान असलेले एक सुकलेले गृहस्थ. तरुणपणी त्यांनी शर्यती मारल्या होत्या, आणि त्यांच्या सांगण्यावरून मोजलं तर हैदराबादेपासून मुंबईपर्यंत त्यांच्यापुढं कुणी गेलेलं नव्हतं. त्यांनी चेनवर नख मारलं. टक्‌ असा आवाज आला.

“क्या है रे ये? चेन है की चिक्की?”

“तेल आहे, उस्ताद.”

“किने डाल्या?”

“अप्पांनी.”

“दुश्मनी है क्या तेरे से?”

मग त्यांनी चेन रात्रभर केरोसिनच्या डब्यात बुडवून ठेवली, फ्रीव्हील उघडून त्यातले छर्रे धुतले, चाकाचा आऊट काढून ते सरळ केलं आणि मला शागीर्द करून घेतलं. रोज उजाडताना नाक्यापासून निघायचं, ओढ्यापर्यंत जाऊन यायचं, ते नाक्यावर घड्याळ धरून बसणार. चहा मी पाजायचा. त्या चहात भिजवून ते जेवढे पाव खायचे तेवढ्यात माझ्यासारखे तीन स्वार पोसले असते.

हे अप्पांना कळलं. मला वाटलं, ओरडतील. ते नुसते म्हणाले, “मंद्रूपच्या बाजूलाच जातोस ना? मग ओढ्यापाशी भजीवाला हाय, त्याला एक डबा पोचवत जा.”

झालं! पंधरा किलोचा तेलाचा डबा कॅरियरला बांधून मी शर्यतीचा सराव करू लागलो. इतर स्वार अंडी खायचे, दूध प्यायचे. मी घरपोच सेवा द्यायचो. त्यातून डबा गळका. मी गेलेला रस्ता थेंबाथेंबानं आखलेला असायचा, आणि त्या थेंबांचा वास काढत कोण कोण यायचं ते मी सांगू लागलो की आजही आमच्या घरात माणसं उठून पाणी प्यायला जातात.

पहिलं आलं खोकड. चिंचेखाली मी घटकाभर पाठ टेकली होती. चप्‌चप्‌ आवाज आला म्हणून डोळे उघडले, तर ते मांजराएवढं जनावर मागच्या पायांवर बसून माझी चेन चाटत होतं! कडी-कडी करून, व्यवस्थित. उस्तादांच्या केरोसिनला जे जमलं नाही ते त्याच्या जिभेला जमलं. मी हललो नाही. मनात म्हटलं, बाबा, दुसरी बाजू पण घे.

मग लांडगा. हो, लांडगाच. कुत्रा असता तर मी कुत्रा म्हटलं असतं, मला काय पडलंय. एका सकाळी धुकं होतं आणि माझ्या डावीकडं, वीस पावलांवर, एक करडं जनावर माझ्याच वेगानं चाललेलं दिसलं. मी जोर केला, त्यानं जोर केला. मी हळू झालो, तो हळू झाला. मी बेल वाजवली. काय म्हणून वाजवली ते विचारू नका, लांडग्याला बेल वाजवणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तो मी. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मी त्याची माफी मागितली, आणि मग जे पायडल मारलं! खडी, खड्डे, बाभळीचे काटे, सगळं एकाच पातळीत आलं. नाक्यावर पोचलो तेव्हा उस्तादांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं, बंद पडलंय की काय म्हणून.

“क्या खाके आया रे आज?”

“खाके नै, उस्ताद. बचके आया.”

त्या माळावर मेंढरं चारणारा एक धनगर होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला हे सगळं हातवारे करून सांगितलं. तो शांतपणे तंबाखू मळत म्हणाला, “त्यो व्हय? म्हातारा हाय त्यो. दात बी न्हाईत. तेल चाटाय येतोय तुज्या डब्याचं. तुज्यात त्येला काय इंटरेस?”

अपमान म्हणतात तो असा. पण वेळ मात्र सुधारली होती. उस्ताद म्हणाले, पहिला नाही येणार, पण तिसरा नक्की. मला तिसराच हवा होता. पंख्याला काय कळतंय पहिला कोण.

आता अडचण एकच राहिली होती. ओढ्याची उतरण. मंद्रूपच्या अलीकडं रस्ता एकदम खाली घसरतो, तळाशी वळण, वळणावर ओढा. आणि त्या उतरणीच्या मधोमध, रस्त्याच्या उघड्या मुरमावर, काळविटांचा कळप उभा असायचा. का, ते त्यांनाच ठाऊक. त्यांच्यात एक काळा नर होता, शिंगं अशी की सरळ केली असती तर तेलाच्या बरणीचा तळ गाठला असता. माझ्या सायकलचे जुने ब्रेक घसरायचे म्हणून उस्तादांनी नवी रबरं बसवून दिली. ती रबरं रिमला लागली की जो आवाज निघायचा तो मी शब्दांत लिहीत नाही. मोर, शिट्टी आणि एखाद्या सासूला कुणी चिमटा काढलेला, तिघं एकदम. पण त्या आवाजाचा उपयोग झाला. मी उतरणीच्या माथ्यावर ब्रेक दाबला की काळविटं मान वर करायची आणि माझी गाडी पोचायच्या आत रस्ता मोकळा करून तुरीत उभी राहायची. आठ दिवसांत त्यांना सवय झाली. आवाज झाला की बाजूला. आवाज झाला नाही की रस्ता आपला. माणसांपेक्षा शिस्तीची जनावरं.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं घाणा, तराजू, मापं, नरसाळी, सगळ्यांची पूजा व्हायची आणि त्या दिवशी कशालाच हात लावायचा नाही, हत्यारांची सुट्टी. सायकल पण पूजेत मांडायची असं अप्पांनी ठरवलं. चेन उस्तादांनी नुकतीच धुऊन, बाहेरच्या तेलाचे मोजके थेंब देऊन अशी केली होती की फिरताना आवाज नाही.

“अप्पा,” मी म्हणालो, “पूजा करा, हार घाला, काय वाटेल ते करा. पण चेनला तेल लावणार नाही, अशी शपथ घ्या.”

“देवाच्या दिवशी शपथा घालतोस?”

“जन्माचा प्रश्न आहे माझ्या.”

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मग गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून म्हणाले, “चेनला बोट लावणार न्हाय. झालं?”

अप्पा एकदा बोलले की बोलले. मी दुपारी निर्धास्त झोपलो. संध्याकाळी पाहिलं, सायकल भिंतीशी उभी, चेनकव्हरवर विभूतीचे तीन पट्टे, हँडलला झेंडूची जाडजूड माळ, चाकाखाली लिंबू. चेन मी वाकून पाहिली, बोटानं पाहिली, वास घेऊन पाहिली. करडईचा थेंब नाही. अप्पा माझ्याकडं बघत होते. “इश्वास न्हाय बापावर,” एवढंच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दसऱ्याला सकाळी मी टांग मारणार तोच अप्पांनी हात धरला. “आज सीमोल्लंघन हाय. पूजेची सायकल हातात धरून शीव ओलांडायची. मग बसायचं.” आदल्या दिवशीच्या शरमेनं मी गुमान ऐकलं, आणि नाक्यापर्यंत सायकल हाती धरून चालत गेलो. माळ काढायची नाही हेही ऐकलं. नाक्यावर तीसेक स्वार होते. माझ्या सायकलचा हार बघून एकानं विचारलं, “लग्न लागलं काय रं गाडीचं?”

मिलच्या साहेबांनी रुमाल खाली केला आणि आम्ही सुटलो.

आणि काय सांगू, सायकल नुसती वाहत होती! चेन गप्प, चाकं सरळ, मागं डबा नाही. पंधरा किलो उतरल्यावर माणूस उडतो म्हणतात ते खोटं नाही, एका खड्ड्यावरून मी खरोखरच बराच वेळ खाली आलो नाही. ब्रेकची गरजच पडली नाही, रस्ता तिथवर सपाट किंवा चढाचा. एकेक गळत गेला. कुणाला काटा, कुणाची चेन उतरली, एक तर खडीवर बसून रडत होता. उतरणीच्या माथ्यावर आलो तेव्हा माझ्यापुढं फक्त एकच जण होता, तोही ओढा ओलांडून गेलेला. म्हणजे मी दुसरा! पंखा गरगर फिरताना दिसला मला. वारासुद्धा लागला.

मी ब्रेक दाबला.

काही नाही.

आवाज नाही, अडकणं नाही. रबरं रिमवरून अशी घसरली जशी अव्वाची पुरी कढईत. पुढचा दाबला, मागचा दाबला, दोन्ही दाबले, देवाला दाबलं. सायकल आणखी पळायला लागली. आणि खाली, रस्त्याच्या मधोमध, आवाजाची वाट बघत, अख्खा कळप उभा!

“आरं बिरेक दाब की!” तुरीच्या बांधावरून धनगर ओरडला.

“दाबतोय!”

“मग थांब की!”

“थांबत नाही!”

“मग वरड तरी! त्यास्नी आवाज लागतोय!”

मी ओरडलो. ब्रेकसारखा आवाज काढायचा प्रयत्न केला, पण तसा आवाज माणसाच्या गळ्यातून निघत नाही. अगदी शेवटच्या क्षणी त्यांनी मान वर केली. पळाली असती तर बरं झालं असतं, पण ती उडाली. माझ्या डोक्यावरून, हँडलवरून, एकमेकांवरून. क्षणभर आभाळात नुसती पोटं होती, पांढरी. त्या काळ्या नरानं खाली येताना शिंगं हँडलच्या माळेत घातली, आणि मग तो, मी आणि सायकल असे तिघं रस्ता सोडून तुरीत शिरलो. किती वेळ गेलो कोण जाणे. धनगर म्हणतो पाच-सात पावलं. मी म्हणतो, तो सायकलवर नव्हता. शेवटी माळ तुटली, तो तिकडं गेला आणि मी चिखलात, ओढ्याच्या काठाला, एका म्हशीच्या पोटाशी थांबलो. म्हशीनं कूस बदलली.

उठलो. हँडल वाकडं, एक पायडल निखळलेलं. तरी एका पायानं मारत निघालो. रस्त्यावर आलो तेव्हा दोघं माझ्यापुढून गेले. त्यांना गाठायला जीव काढला. बाजारतळाचा मांडव दिसला, साहेबांची टोपी दिसली, तिसऱ्या स्वाराचं मागचं चाक माझ्या हाताच्या अंतरावर आलं.

मी चौथा.

साहेबांनी तीन नावं लिहिली आणि पेन खिशाला लावलं. त्या वर्षीचा हार घालून फिरणारा एकच होता, तो माळावर. पुढं महिनाभर लोकांनी झेंडू घातलेलं काळवीट पाहिलं. विचारा कुणालाही.

चाकाशी बसून मी रिमवरून बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं. घरचा वास.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून मी गादीवर बसलो. अप्पा शेजारी एका बाईच्या बाटलीत नरसाळ्यानं तेल ओतत होते. धार तुटेपर्यंत मी थांबलो. मग विचारलं, “अप्पा, तुम्ही लिंगावर हात ठेवून शपथ घेतली होती. ब्रेकला तेल लावलंत?”

“लई वाजत होतं,” अप्पा म्हणाले. “चेनला लावलं न्हाय.”